बाथरूमची कडी

सोमवार, २ सप्टेंबर

ही वही मी आणलेली नाही. दवाखान्यातल्या सिस्टरने हातात दिली आणि म्हणाली, "काका, रोज दोन ओळी लिहीत जा. कोणी वाचणार नाही." कोणी वाचणार नसेल तर लिहायचं कशाला, असं मी विचारलं. म्हणाली, "तुमच्यासाठी." म्हणजे मला जे माहीत आहे ते मीच मला लिहून कळवायचं. फौजेत एकवीस वर्षं काढली, पण इतका बिनबुडाचा हुकूम तिथेही कोणी दिला नव्हता.

तरी लिहितोय, कारण मला पुरावा हवा आहे. तीन आठवड्यांनी हे सगळं फुकट गेलं की मी ही वही डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवणार. तारखेसकट. पहिल्या दिवसापासून सांगत होतो, बघा.

मी तिथे बरा व्हायला जात नाही. मी जातो कडीसाठी. फेब्रुवारीत जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही, पण त्यानंतर बायकोने सुतार बोलावला आणि घरातल्या आतल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून घेतल्या. बेडरूमची, अडगळीच्या खोलीची, बाथरूमची. दारांना नुसती भोकं राहिली. मी आंघोळीला गेलो की ही बाहेर स्टूल टाकून बसते. आत मी दर थोड्या वेळाने बादलीवर तांब्या वाजवायचा. ती मनात वीस मोजते. वीसपर्यंत आवाज आला नाही की सरळ दार ढकलून आत. जूनमध्ये एकदा डोळ्यांत साबण गेला म्हणून उशीर झाला, तर डोळे उघडतो तो ही समोर, हातात झाडू. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाची ही अवस्था.

मी म्हटलं, कडी लाव. ती म्हणाली, "सहा वेळा दवाखान्यात जाऊन ते सलाईन घ्या. सहाच्या सहा. मग कडी मी स्वतः आणून देते." गोळ्यांचे तीन प्रकार झाले, समोर बसून बोलायचं झालं, आता हे. ठीक आहे. सहा तर सहा.

आणि औषध कोणतं निघावं? केटामिन! डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या हसलो. त्यांना वाटलं मला भीती वाटते. अहो बाई, मी फौजेत खेचरांच्या तुकडीत कंपाउंडर होतो. चौदा वर्षं हेच टोचून खेचरं आडवी केली. बाटलीवर घोड्याचं तोंड छापलेलं असायचं. घोड्याचं औषध आता माणसाच्या मनावर.

सिस्टरने वजनकाट्यावर उभं केलं. मी तिला सांगितलं, आमच्याकडे काटा नसे, खेचराच्या छातीला टेप लावून वजन काढायचं. ती म्हणाली, "तुमच्या छातीला लावू का टेप?" पोरगी तिखट आहे. मग तिने डोस भरला. मी डोळ्याने मोजला. किलोमागे हिशोब केला तर खेचराला देतात त्याचा चौथा हिस्सा. एवढ्याने खेचराचा कानसुद्धा झोपणार नाही. हे मिठाचं पाणी आहे, किंवा त्याच्या शेजारचं काहीतरी.

चाळीस मिनिटं मागे कलणाऱ्या खुर्चीत पडून होतो. डोळ्यांवर पट्टी, कानाला गाणी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. मध्येच माझे हात मला सापडेनात. कोणीतरी ते दुसऱ्याच्या घरी ठेवून आल्यासारखं वाटलं. रिकाम्या पोटी गेलो होतो, त्याचा परिणाम. बाकी काही नाही.

गाडी चालवायची नाही म्हणून ही सोबत. रिक्षाने परत आलो.

बुधवार, ४ सप्टेंबर

काही घडलं नाही. तांब्या वाजवून आंघोळ केली.

ही स्वतः कशी आंघोळ करते ते लिहून ठेवतो. चार मिनिटं. घड्याळ लावून बघितलंय. दार अर्धं उघडं, बादलीतलं पाणी अर्धं शिल्लक, कानामागे साबण तसाच. मी म्हटलं, कडी नाही तर नाही, निदान दार तरी लोटून घे. तर म्हणे, "गरम होतं." जानेवारीपर्यंत हीच बाई पाऊण तास बाथरूम अडवून बसायची आणि आतून गाणी म्हणायची. बायकांचं काही सांगता येत नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

दुसरी वेळ. आज शेजारच्या खुर्चीवर एक जाडजूड माणूस होता. रणगाडा चालवायचा म्हणाला. मी कंपाउंडर म्हटल्यावर त्याने विचारलं, "खेचरांचा? मग बरोबर जागी आलायस. इथे सगळी अडलेलीच आहेत." त्याची ही चौथी वेळ. फरक काय, असं विचारलं तर म्हणाला, "पूर्वी मी बायकोवर ओरडायचो. आता ओरडतो आणि मग वाईट वाटतं." याला हे लोक प्रगती म्हणतात.

आज गाण्यांनी घोटाळा केला. मध्येच कुठलंतरी वाद्य आलं, बारीक, शिट्टीसारखं. मी कानावरचं ते यंत्र उपटून फेकलं. सुईसुद्धा हलली. सिस्टर धावत आली. काय झालं, काय झालं. मी म्हटलं, गाणी भिकार आहेत तुमची. तिने मुकाट्याने दुसरी लावली.

घरी आल्यावर जेवलो. हिने भात नेहमीसारखा पातेल्यात शिजवला होता. आमचा कुकर गेली बावीस वर्षं माळ्यावर पडून आहे. हिला कुकरमधलं अन्न आवडत नाही. लग्नानंतर पहिली सहा वर्षं आवडायचं, मग एकदम आवडेनासं झालं.

शनिवार, ७ सप्टेंबर

स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला. फेब्रुवारीपासून ठिबकत होता. आज सकाळी तो आवाज डोक्यात जायला लागला, म्हणून पाना काढला, वायसर बदलला, अर्ध्या तासाचं काम. औषधाचा काही संबंध नाही. ठिबकणारा नळ कोणीही दुरुस्त करतो.

ही नळ उघडून बंद करत राहिली. चार वेळा. नळ चालतो की नाही बघायला एकदा पुरे. मी म्हटलं, पाणी फुकट घालवू नकोस. ती पाठमोरीच होती.

सोमवार, ९ सप्टेंबर

तिसरी वेळ. आज सरकार आली.

सरकार म्हणजे आमच्या तुकडीतली एक खेचरी. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. मनात आलं तर चालायची, नाही तर दिवसभर हलायची नाही. वर अर्ज करून उपयोग नसे, म्हणून नाव सरकार. आज पट्टीच्या आत डोळे मिटलेले असताना ती दवाखान्याच्या बोळात उभी दिसली. पाठीवर खोगीर, खोगिरावर ओझं. मी म्हटलं, चल. ती हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. अंगावरचा वाससुद्धा आला, ओल्या केसांचा आणि चामड्याचा.

मिठाच्या पाण्याने वास येतो का, हा प्रश्न मला पडला. मी तो बाजूला ठेवला.

नंतर सिस्टरने पाणी दिलं आणि विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, खेचर. ती हसली नाही. "नाव काय तिचं?" म्हणाली. मी नाव सांगितलं. तिला सांभाळणारा कोण होता, तेही सांगितलं. त्याला सगळे शिट्ट्या म्हणायचे. तेवीस वर्षांचा होता. तोंडात कायम शिट्टी. चहा गाळताना शिट्टी, खरारा करताना शिट्टी. सरकार फक्त त्याच्या शिट्टीवर चालायची. साहेबांनी एकदा त्याला ओरडून शिट्टी बंद करायला लावली, तर सरकार तिथेच बसली, ओझ्यासकट. शेवटी साहेबांनाच म्हणावं लागलं, "वाजव बाबा."

एवढं मी कोणाला सांगितलं नव्हतं. सिस्टर म्हणाली, "मग?" मी म्हटलं, मग काही नाही. माझी रिक्षा आली असेल.

मंगळवार, १० सप्टेंबर

आठ वाजेपर्यंत झोपलो. मला कळलंच नाही. साडेसहाला एकदा, सातला एकदा आणि साडेसातला एकदा ही खोलीत येऊन गेली. तिसऱ्या वेळी तर माझ्या नाकापुढे हात धरून उभी होती. मी एक डोळा उघडून म्हटलं, आहे अजून. ती दचकली, मग चिडली, मग चहा घेऊन आली. चहात साखर दुप्पट होती. भांडलो.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आता जाणार नाही. संपलं.

चौथी वेळ नीट झाली होती. सुई काढली, पट्टी काढली. डॉक्टरबाई आल्या, मला मुलगी शोभतील अशा वयाच्या आहेत, बोलतात गोड. मला जरा मोकळं वाटत होतं म्हणून मी थट्टा केली. म्हटलं, "काय हो, घोड्यांवरून हे माणसांवर कधी आणलंत?"

त्या म्हणाल्या, "उलट आहे काका. हे आधी माणसांसाठीच निघालं. मग जनावरांना वापरायला लागले."

मी म्हटलं, "असं कसं? बाटलीवर घोडा असायचा."

"ती जनावरांच्या दवाखान्यासाठी भरलेली बाटली. आतलं औषध तेच. लढाईत जखमींना देतात की. दुखणं थांबतं आणि श्वास चालू राहतो, म्हणून तर. पन्नासहून जास्त वर्षं देतायत."

पन्नास. मी विचारलं, "बावीस वर्षांपूर्वी द्यायचे?"

"हो. का?"

मी बूट घातले. नाड्या बांधता येईनात, तसाच निघालो. ही मागून पर्स सांभाळत धावली.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

लिहून टाकतो. एकदाच लिहीन.

डिसेंबरचा शेवट होता. डोंगरातल्या वरच्या चौकीला रसद न्यायची होती. अकरा खेचरं, बारा माणसं आणि साहेब. वाट दोन हात रुंद, तिच्यावर बर्फ, वरून धुकं. पुढचा माणूस दिसत नव्हता. अशा वेळी शिट्टी घालायची पद्धत होती. पुढच्याने घातली की मागच्याने घालायची, म्हणजे सगळे आहेत हे कळायचं. शिट्ट्या सगळ्यांत मागे, सरकारबरोबर.

आमच्यात पहिला नियम, खेचराचा दोर मुठीत धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. शिट्ट्याची बोटं बधिर झाली होती. दोर सुटू नये म्हणून त्याने तो गुंडाळला. सरकारचा मागचा पाय घसरला आणि दोघं एकदम गेली. चाळीस-पन्नास फूट खाली एका कपारीवर अडकली.

मी दोराने खाली उतरलो, माझी पिशवी घेऊन. सरकारचा पुढचा पाय मोडला होता आणि ती झटके देत होती. तिच्या प्रत्येक झटक्याला वरून दगड येत होते. शिट्ट्या ओझ्याखाली होता. कमरेखाली त्याचं काही धड राहिलं नव्हतं. माणसांचं बघणारा कंपाउंडर वरच्या चौकीवर होता, धुकं हटल्याशिवाय तो येणार नव्हता. माझ्या पिशवीत दोन बाटल्या होत्या.

मी वर ओरडलो, "साहेब, एक बाटली याला देतो!"

साहेब ओरडले, "जनावरांचं औषध आहे ते! माणसाला टोचलंस तर तुझ्यावर खुनाचा खटला भरीन!"

मी सरकारला टोचलं. ती मिनिटभरात शांत झाली. तिची मान माझ्या मांडीवर आली. शिट्ट्या बघत होता. त्याने विचारलं, "कंपाउंडर, तिला बरं वाटलं ना?" मी हो म्हटलं. "मला दे" असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर दिलं असतं, असं मी बावीस वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

मग त्याने शिट्टी घातली, वरच्यांना कळावं म्हणून. वरून उत्तर आलं. चार तास तो शिट्टी घालत राहिला. आधी लवकर लवकर, मग उशिरा उशिरा. मी मधला वेळ मोजत बसलो होतो. शेवटच्या शिट्टीनंतर मी किती मोजलं ते आठवत नाही.

दुसरी बाटली न फोडता परत आली. ती मी भांडारात जमा केली. पावतीवर सही केली. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "हुकूम पाळलास, शाबास." त्या दिवसानंतर मी कोणाचाही हुकूम मनापासून पाळलेला नाही. लोक म्हणतात, हा हेकट आहे. आहेच. एकदा ऐकलं तेवढं पुरे झालं.

आणि ते औषध माणसाचंच होतं. माझ्या पिशवीत होतं. मी त्याला दिलं नाही, आणि आता मला गादीच्या खुर्चीत, पांघरूण घालून, गाणी लावून देतात. मी ते घेऊ? नाही. कदापि नाही. दहा डॉक्टर आले तरी नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

पाचवी वेळ होती. गेलो नाही. दवाखान्यातून दोनदा फोन आला, मी उचलला नाही. मग रणगाडेवाल्याचा आला. त्याला नंबर कोणी दिला देव जाणे. म्हणाला, "कंपाउंडर, तुझी खुर्ची रिकामी आहे. मला आज नुसतं बोलायला बोलावलंय, तिच्यावर पाय पसरून बसलोय." मी म्हटलं, बस. तो म्हणाला, "ऐक, माझं सहावं झालं आणि मला काही फरक नाही. आता दुसरं काहीतरी करून बघणार म्हणतायत. मी जाणार. आपण नाही गेलो तर हे लोक कोणाला छळणार?" फोन ठेवला मी.

ही दुपारी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "कडी?"

"चुलीत गेली कडी."

"का?"

मग मी सांगितलं. तिथेच दाराला टेकून उभा राहून सगळं सांगितलं, वहीत लिहिलंय तसं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ती ऐकत होती. नळ तिने बंद केला होता. हातातल्या ताटावरचा फेस वाळून गेला.

शेवटी म्हणाली, "म्हणजे ती शिट्टी होती. मला वाटायचं तुम्हाला कुकरच्या स्फोटाची भीती वाटते."

मी म्हटलं, "आता कळलं ना? त्याला दिलं नाही ते मी घेणार नाही."

तिने ताट खाली ठेवलं. "दिलं असतं तर तो वाचला असता?"

"नाही. पण सुखाने गेला असता."

"मग तुमचं चुकलं."

मला वाटलं होतं ती म्हणेल, तुमची काय चूक, तुम्ही तरी काय करणार. सगळे तेच म्हणतात, म्हणून मी कोणाला सांगत नाही. ही सरळ म्हणाली, तुमचं चुकलं.

"आणि अजून चुकतंय," ती म्हणाली. "हे माणसाला द्यायचं नाही, हा हुकूम कोणाचा? त्या साहेबाचा. बावीस वर्षं झाली. तो साहेब कुठे आहे, आहे की नाही, कोणाला ठाऊक. आणि तुम्ही अजून त्याच्यापुढे सावधान उभे. आमचं कोणाचं ऐकणार नाही, माझं नाही, डॉक्टरचं नाही. ऐकायचं कोणाचं, तर त्याचं!"

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "ओरडा. मला ओरडलेलं चालतं. मला गप्प बसलेलं चालत नाही." मग पुन्हा नळ सोडून भांडी घासायला लागली.

मंगळवार, १७ सप्टेंबर

बोललो नाही. तीही बोलली नाही. आंघोळीच्या वेळी मात्र स्टूल घेऊन हजर. मी तांब्या इतक्या जोरात वाजवला की बादलीला चीर गेली.

बुधवार, १८ सप्टेंबर

दिवसभर डोकं त्याच एका वाक्यावर. सावधान उभे. मी? सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं माझ्याबद्दल म्हणतात. माझा पीळ म्हणजे माझी कमाई, असं मी समजत होतो. आणि आतून निघालं काय, तर साहेबाचा सगळ्यांत आज्ञाधारक शिपाई मीच.

संध्याकाळी मी हिला म्हटलं, उद्या गुरुवार आहे. ती म्हणाली, "माहीत आहे." मी म्हटलं, मी कडीसाठी जात नाहीये. ती म्हणाली, "मग कशासाठी?" मी म्हटलं, हुकूम मोडायला. तिने रिक्षावाल्याला फोन लावला. बादली नवीन आणावी लागेल म्हणाली.

गुरुवार, १९ सप्टेंबर

पाचवी वेळ. खुर्चीत बसण्याआधी मी डॉक्टरबाईंना उभ्या उभ्या सांगितलं, शिट्ट्याचं, दोन बाटल्यांचं, पावतीचं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून ऐकलं. मध्ये त्यांचा फोन वाजला तो त्यांनी उलटा ठेवला. मग म्हणाल्या, "काका, मी त्या दिवशी फार सहज बोलून गेले." मी म्हटलं, खरं बोललात ते बरं झालं. खोटं गोड बोलणारे मला पुष्कळ भेटलेत.

सुई लागताना मी मनात म्हटलं, साहेब, माणसाला टोचतायत बघा. भरा खटला.

आज बोळ नव्हता, कपार होती. सरकारची मान मांडीवर होती, जड आणि गरम. शिट्टी आली. मी कान झाकले नाहीत. पुन्हा आली. मी तिथेच बसून राहिलो. त्याच्यापर्यंत पोचलो नाही, त्याला काही देऊ शकलो नाही, माफी मागायला तोंड उघडलं नाही. फक्त ऐकलं. शेवटची शिट्टी आली आणि मग ती थांबली. मला वाटलं होतं तिथे माझं काहीतरी फुटेल. फुटलं नाही.

पट्टी काढली तर ती भिजलेली. सिस्टर म्हणाली, "घाम येतो कधीकधी." चांगली मुलगी आहे.

सोमवार, २३ सप्टेंबर

सहावी. सहाच्या सहा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हे टिकेल तेवढं टिकेल. काहींना पुन्हा घ्यावं लागतं. बोलायला यावंच लागेल, गोळी एक चालूच राहील, आणि मनात तसं काही आलं तर त्याच क्षणी फोन करायचा. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला, दर वेळी विचारतात तो. जगणं नको वाटतं का? शून्य ते तीन. आजवर मी दर वेळी शून्य सांगितलं होतं आणि दर वेळी खोटं. आज म्हटलं, एक. त्यांनी मान वर केली. "एक?" मी म्हटलं, पहिल्या दिवशी तीन होतं, तेव्हा तुम्हाला शून्य सांगितलं. आता एक आहे ते एक सांगतोय. त्यांनी लिहून घेतलं. हिने माझा हात धरला आणि रिक्षा येईपर्यंत सोडला नाही, चारचौघांत.

वही टेबलावर ठेवायची होती पुराव्यासाठी. घरीच विसरलो.

मंगळवार, २४ सप्टेंबर

सकाळी चहाबरोबर हिने कागदात गुंडाळलेली कडी आणून ठेवली. जुनीच. फेब्रुवारीपासून तिने ती कपाटात साड्यांच्या खाली ठेवली होती. चार स्क्रू वेगळ्या पुडीत, एकही हरवला नव्हता. मी पेचकस घेतला. जुनी भोकं सैल झाली होती, त्यांत काडीपेटीच्या काड्या ठोकल्या आणि कडी बसवली. ही बाजूला उभी राहून बघत होती. तिचा हात सारखा दाराकडे जात होता आणि परत येत होता.

मी म्हटलं, झालं. आता स्टूल उचल.

ती म्हणाली, "नीट लागते का, मी बघते आधी." आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मी बाहेर उभा. आता उघडेल, मग उघडेल. उघडली नाही. नळ सुरू झाला.

मी हाक मारली. उत्तर नाही, पाण्याचा आवाज मोठा होता. मी नकळत मोजायला लागलो. अकरा, बारा. चौदाला कान दाराला लावला. सतराला हात दारावर गेला. तिथेच मला कळलं की सात महिने ही रोज या स्टुलावर बसून काय करत होती. दार अर्धं उघडं टाकून चार मिनिटांत अंग ओलं करून ती का बाहेर यायची, तेही कळलं. गरम होत होतं म्हणे! मी मूर्ख. हे वहीत राहू दे, कोणी वाचलं तरी चालेल.

दार मी वाजवलं नाही. स्टुलावर बसलो.

आतून आवाज आला, "अहो, आहात ना?"

"आहे."

पाणी पडलं दोन तांबे. पुन्हा, "आहात ना?"

"आहे म्हटलं ना!"

थोड्या वेळाने पुन्हा. असं दर मिनिटाला ओरडत बसली तर तिची आंघोळ व्हायची कधी? मी ओठ ओले केले. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. बावीस वर्षांत सवय गेलेली. दुसऱ्यांदा निघाली, वाकडी, पण निघाली. शिट्ट्या सरकारला चढावर घालायचा ती, लांब एक आणि आखूड दोन.

आत तांब्या थांबला. मी पुन्हा घातली. मग पाणी सुरू झालं, आणि तिने आतून "आहात ना" असं पुन्हा विचारलं नाही.

हे स्टुलावर बसूनच लिहितोय, वही मांडीवर घेऊन. दोन ओळी झाल्या की एक शिट्टी घालतो. पाऊण तास होत आला, अजून आतून पाण्याचा आवाज येतोय.